डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला जायचं?

(संस्थेच्या कार्यकर्ता शिबिरात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांच्या हकिकती यात आल्या आहेत त्यांची नावं, पाडे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)



पत्रिकेवर माझा विषय ‘मानसिक आरोग्य : काळाची गरज’ असा छापला आहे. जेवणानंतर काळाच्या गरजेवर पाऊण तास बोललं तर पहिल्या रांगेतली मंडळीसुद्धा डुलक्या घेतील. म्हणून मी विषय जरा जमिनीवर आणते. मनाला त्रास होतो तेव्हा जायचं कुणाकडे, आत गेल्यावर तिथे काय विचारतात, किती खर्च येतो, गोळी सुरू झाली तर ती कधी सुटते. हे प्रश्न तुम्हाला पाड्यावर लोक विचारतात. आणि खरं बोलायचं तर, तुमच्यापैकी काहींनी हे प्रश्न मला बाजूला घेऊन स्वतःसाठीही विचारले आहेत.

आधी हा त्रास ओळखायचा कसा ते बघू. आपल्याकडे कुणी येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. तो शब्द आपल्या भाषणातला आहे, पाड्यावरचा नाही. माणूस म्हणतो, डोकं जड झालंय. बाई म्हणते, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, पोटातून काहीतरी वर चढतं. म्हातारा म्हणतो, भाकर गोड लागत नाही. एका आजोबांनी मला सांगितलेलं मी विसरलेली नाही. ते म्हणाले, ‘होळीचा ढोल वाजला, पण तो बाहेरच वाजला.’ काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. आपल्या भागात ज्याला ढोल ऐकू येऊनही पोचत नाही, तो माणूस आजारी आहे असं समजायला हरकत नाही. डॉक्टर मंडळी हेच त्यांच्या भाषेत विचारतात : पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात आता वाटतो का?

हे आजोबा नर्मदाकाठचे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावं आली, त्यांतल्या एकातले. पुनर्वसनात त्यांना खाली सपाटीला जमीन मिळाली, घर झालं, नातू शाळेत जातो. कागदावर सगळं ठीक. पण ज्या डोंगराकडे, ज्या नदीकडे बघून ते उठायचे ते गेलं. मुलगा म्हणायचा, ‘बाबाला काही कमी नाही, तरी रडतो.’ बदल म्हटला की आपण तक्रारीचा बदल तेवढा धरतो. चांगला बदलसुद्धा माणसाला मुळापासून हलवतो, हे आपल्या हिशेबात येत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं कुटुंब होळीला परत येतं, तेव्हा घर तेच असतं, पण पाच महिने फडावर झोपलेल्या माणसाला घरात झोप लागत नाही. सोळा-सतराव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी (सतरा म्हटल्यावर काहींनी माना खाली घातल्या, तो विषय वेगळा, तो मी सोडणार नाही, पण आज नाही). पहिलं बाळंतपण. बाप गेल्यावर एकाएकी घरातला मोठा झालेला पोरगा. आणि आश्रमशाळेतून निघून थेट शहरातल्या वसतिगृहात पोचलेली आपली मुलं.

त्यांतल्या एका मुलीची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण तिचे हाल आपल्या सगळ्या व्यवस्थेतून फिरून आले. बारावीला चांगले गुण, नर्सिंगला प्रवेश, अख्ख्या पाड्यात पहिलीच. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी वसतिगृहात तिला श्वास पुरेना. छाती आवळली, हात वाकडे झाले, आता मी मरते असं वाटलं. मैत्रिणींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी काढली, ती नॉर्मल. सलाईन लावलं. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नको’ असं सांगून पाठवलं. आठवड्याने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वडील येऊन घरी घेऊन गेले. मग भगत, मग कोंबडा, मग दुसरा भगत, मग बकरा. मंडळीतल्या दोन बायांनी तेल लावून प्रार्थना केली. एका खाजगी डॉक्टरने रोज सलाईन दिलं. वडिलांनी वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून मला आकडा माहीत आहे : सगळे मिळून एकोणीस हजार चारशे रुपये. एका बैलाची किंमत म्हणाले ते.

‘काही झालेलं नाही’ हे वाक्य मला फार छळतं. हृदयाला काही झालेलं नव्हतं, हे खरं. पण मुलीला काहीच झालेलं नव्हतं, हे खरं नाही. तिला जे होत होतं त्याला भयाचा झटका म्हणतात. तुम्ही शेतावर जाताना बांधावर बिबट्या दिसला तर काय होतं? छाती धडधडते, श्वास भरभर होतो, रक्त हातापायाकडे धावतं. शरीर पळायला तयार होतं. देवाने दिलेली ही सोय आहे. तिच्यामुळे आपले पूर्वज या सातपुड्यात वाचले. भयाच्या झटक्यात हीच सोय बिबट्या नसताना सुरू होते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, चक्कर येते. ते बघून माणूस आणखी घाबरतो, आणखी जोरात श्वास घेतो. असं चक्र फिरतं. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो. सलाईनने बरं वाटलं असं वाटतं ते याचसाठी, बाटली लावेपर्यंत त्याची ओसरायची वेळ झालेलीच असते.

ही मुलगी शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेली. त्यांनी तिला हेच समजावलं, श्वास हळू सोडायला शिकवलं, आणि ज्या ज्या गोष्टी ती टाळत होती (जिना, गर्दीची मेस, रात्रीची ड्युटी) त्यांची चढती यादी करून एकेक करायला लावली. आठ भेटी झाल्या. गोळी लागली नाही. तिचं एक वर्ष वाया गेलं, पण ती परत गेली आणि आता शेवटच्या वर्षाला आहे. तिने मला सांगितलं की ही गोष्ट सांगा, फक्त नाव नको.

आता माझं सांगते. हे सांगायचं की नाही याचा विचार मी पुष्कळ दिवस केला. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी प्रेमाने सुचवलंही, ‘ताई, तुमच्याबद्दल लोकांच्या मनात आदर आहे, कशाला?’ पण तुम्हाला जा म्हणायचं आणि मी गेले होते ते झाकायचं, हे मला जमणार नाही.

मी एक्केचाळीस वर्षांची असताना सहा महिन्यांच्या आत दोन गोष्टी झाल्या. आई गेली. आणि चौदा वर्षं पाड्यांवर फिरल्यावर माझी नेमणूक कार्यालयात झाली. बढतीच होती ती. पेढे वाटले. पुढच्या काही महिन्यांत मला पहाटे साडेतीनला जाग यायला लागली, रोज, घड्याळ लावल्यासारखी. वर्तमानपत्राची एक बातमी तीनदा वाचावी लागे. फोन वाजला की पोटात गोळा. रजिस्टरमधली बेरीज परत परत करायची आणि तरी ती चुकली असेल असं वाटायचं. भक्तीला जायचे, गीत म्हणायचे, पण शब्द नुसते तोंडातून जायचे. रडू येत नव्हतं. लोकांना वाटतं उदास माणूस रडत असतो. मला रडूसुद्धा येत नव्हतं.

तेव्हा मला काय काय सांगितलं गेलं ते इथल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. प्रार्थना कमी पडते आहे. तीन दिवस उपास कर. पाप कबूल करायचं राहिलं असेल. सैतानाचा हल्ला आहे. सेवेत असलेल्या माणसाने असं वागायचं नसतं. सांगणारे सगळे माझ्यावर प्रेम करणारेच होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली बाई आहे, तेव्हा शास्त्राबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे.

पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय घरी गेल्यावर काढून बघा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मला मरण दे म्हणतो. देव त्याला काय म्हणतो? काहीच म्हणत नाही. आधी झोपू देतो. मग दूत येऊन त्याला शिवतो. उशाशी भाकर आणि पाणी आहे. एलीया खातो आणि परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांब आहे. मग चाळीस दिवस चालून गेल्यावर होरेबावर बोलणं होतं, तेही प्रश्न विचारून. आम्ही मात्र उदास माणसाला पहिल्या दिवशीच उपास सांगतो! ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. ज्याने पवित्र शास्त्र एकत्र केलं त्याने ते स्तोत्र काढून टाकलं नाही. पौलाच्या सोबत लूक होता, तो वैद्य होता, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी उपाय सांगितला तेव्हा नुसती प्रार्थना सांगितली नाही. एवढं पुरे, पाळकसाहेबांचं काम मी करत नाही.

तर मी गेले. आपल्या भागात नाही, दूर दुसऱ्या शहरात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. पाच तासांची एसटी. बाहेर बाकावर एक शिक्षक, एक नवं लग्न झालेलं जोडपं, एक आजी. मला वाटलं होतं तिथे कुणी आरडाओरडा करत असेल. आजी लसूण सोलत बसली होती.

आत काय होतं ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी आधी नुसतं बोलू दिलं. मग विचारलं : झोप, भूक, वजन, पाळी, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, दारू-तंबाखू, कुठली औषधं चालू आहेत. मग नऊ प्रश्नांचा एक कागद दिला, मराठीत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? झोपेचं काय? थकवा? आपण कुचकामी आहोत असं वाटलं? शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. माझे सतरा आले. शाळेत गणितात एवढे मिळाले असते तर आईने नारळ वाढवला असता.

मग रक्त तपासायला सांगितलं : हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. ही गोष्ट लिहून घ्या. थायरॉइड कमी असेल किंवा रक्त कमी असेल तरी माणूस असाच मलूल होतो. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ, बायकांमध्ये रक्त कमी, तेव्हा सगळं मनावर ढकलू नका आणि सगळं शरीरावरही ढकलू नका. दोन्ही बघायचं.

गोळीबद्दल दोन भीती असतात. एक, सवय लागेल. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं आहे, म्हणूनच मेडिकलमधून शेजारणीच्या चिठ्ठीवर त्या आणून खाऊ नयेत. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची नशा चढत नाही, जास्त घ्यावी अशी ओढ लागत नाही. पण त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. दुसरी भीती, गोळीने फरक पडत नाही. तो पडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. आणि पहिल्या आठवड्यात मळमळ वगैरे होऊ शकते. म्हणजे त्रास आधी येतो आणि गुण मागून. नेमके याच दिवसांत आपले लोक गोळ्या पाण्यात टाकतात. त्या दिवसांत तुम्ही कार्यकर्त्याने दोनदा घरी जाऊन आलात तर अर्धं काम झालं. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. माझी अकरा महिने चालली.

गोळीबरोबर दर पंधरा दिवसांनी बोलण्याचं सत्र असायचं. एका वेळचे सहाशे रुपये, एसटीचे वेगळे. बारा सत्रं झाली. तिथे काय बोलतात? आईबद्दल बोललो, ते आलंच. पण बरंचसं काम अगदी घरगुती होतं. त्या बाई म्हणाल्या, मन लागेल तेव्हा करीन असं म्हणू नका. आधी करा, मन मागून येतं. पहिल्या आठवड्याचं काम होतं : सकाळचा चहा घराबाहेर ओट्यावर बसून प्यायचा. बस एवढंच. दुसऱ्या आठवड्यात डब्यात मेथी पेरायची. चौदा वर्षं पाड्यावर फिरलेल्या बाईला खुर्चीवर बसवलं होतं, तिचे पाय उपाशी होते, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत ओळखलं आणि आठवड्यातून एक दिवस फिरती मागून घ्यायला लावली. मग वहीत तीन रकाने आखले : काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे, त्याच धाटणीचं काम. माझ्या मधल्या रकान्यात एकच वाक्य परत परत यायचं : ‘मी ढिली पडले तर सगळं कोसळेल.’ त्यांनी विचारलं, ‘तुम्ही कार्यालयात आलात, मग पाडे कोसळले का?’ मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं.

त्या बाई ख्रिस्ती नव्हत्या. हे ऐकून कुणीतरी मला विचारलं, मग विश्वासाला धक्का नाही लागला? त्यांनी मला उलट विचारलं होतं, ‘तुम्ही प्रार्थना करता, तेव्हा मला जे सांगितलंत ते त्याला सांगता का, की तिथेही अहवालच देता?’ या एका प्रश्नाने माझ्या प्रार्थनेचं जेवढं भलं केलं तेवढं मोठमोठ्या संजीवन सभांनी केलं नाही. हाड मोडल्यावर आपण प्लास्टर घालणाऱ्याची मंडळी विचारत नाही. मात्र एखादा समुपदेशक तुमच्या श्रद्धेची किंवा जातीची टिंगल करत असेल, आदिवासी म्हणून हिणवत असेल, तर तिथून उठून या आणि दुसरा शोधा. तेवढी ताठ मान ठेवा.

भगतांबद्दल. मला माहीत आहे, इथे यावर दोन मतं आहेत. माझं मत असं : भगताशी भांडून माणूस दवाखान्यात येत नाही, तो रात्री गपचूप भगताकडे जातो आणि गोळी बंद करतो. गुजरातेत उनावा इथे मीरा दातार दर्ग्यात मानसोपचाराचे डॉक्टर आणि तिथले मुजावर मिळून काम करतात, दवा आणि दुवा दोन्ही. मुजावरच माणसाला डॉक्टरकडे पाठवतो. आपल्या एका पाड्यावरच्या भगताला मी स्वतः भेटून एवढंच म्हटलं, ‘बाबा, तुम्ही तुमचं करा, फक्त गोळी तोडायला सांगू नका.’ त्याने ऐकलं. उलट दोन माणसं त्यानेच पाठवली. पण जिथे मारहाण होते, मिरचीचा धूर देतात, साखळीने बांधतात, तिथे मी गप्प बसणार नाही, मग ते भगताच्या अंगणात असो की प्रार्थनासभेच्या मांडवात. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं पळता न आल्यामुळे जळून गेली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला सरळ बंदी आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झालं. बारा राज्यांत, त्यात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. प्रौढांपैकी दर शंभरात दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. एवढे डॉक्टर आणायचे कुठून? या प्रश्नाचं एक उत्तर डॉक्टर नसलेल्या माणसांनी दिलंय. झिंबाब्वेत हरारे शहराच्या म्बारे वस्तीत २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. तिथल्या शोना भाषेत या त्रासाला ‘फार विचार करणं’ या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे आपल्या बायकांसारखाच. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ सत्रांचं काम करून घेतलं, आणि तीव्र नैराश्यातही त्याचा उपयोग होतो हे २०१७ साली दाखवलं. आणि आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला, तिथे दीड वर्षात नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे सहापट झालं. गावातलेच लोक दारोदार जाऊन बोलले, म्हणून.

हे ऐकून तुम्ही उद्यापासून पाटी लावू नका. आपल्याला शिकावं लागेल. तोवर तुमचं काम ऐकणं, सोबत जाणं आणि मधून मधून घरी डोकावणं. पण काही ठिकाणी थांबायचंच नाही, त्याच दिवशी दवाखाना : कानात आवाज येतात असं माणूस म्हणतो, कित्येक रात्री झोपलेलाच नाही, खाणंपिणं सोडलंय, बाळंतीण गोंधळल्यासारखं बोलते किंवा बाळाला काही करीन म्हणते, आणि मरायचं बोलतो तो.

मरणाबद्दल सरळ विचारा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असंच. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. माणसाला बहुतेक वेळा सुटल्यासारखं वाटतं की कुणीतरी विचारलं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, आणि घरात कपाशीच्या फवारणीचं औषध कुठे आहे ते बघा. खाटेखाली असतं, धान्याच्या कणगीमागे असतं. ते उचला, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. तो क्षण टळला की पुष्कळ माणसं वाचतात. आणि पोलिसांच्या भीतीने कुणी दवाखान्यात न्यायचं लांबवू नका. याच २०१७च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं काम.

आता कुठे जायचं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी विचारा. औषधं तिथे मोफत मिळायला हवीत. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवस-रात्र चालू, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ला केंद्र सरकारने सुरू केला. आता तुम्ही म्हणाल, पावरी नि भिलीत बोलणाऱ्या आजीचं काय? तिथे तुम्ही. सोबत बसून भाषांतर करायचं, पण एक नियम पाळायचा : सुनेचं भाषांतर सासूने किंवा नवऱ्याने करायचं नाही. आणि ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा नाही. ‘अमक्या ताईंच्या मनाच्या आजारासाठी प्रार्थना करा’ असं मंडळीत उभं राहून सांगणं म्हणजे पाड्यावर दवंडी पिटणं आहे. तिने सांगा म्हटलं तरच.

शेवटचा मुद्दा कार्यकारिणीसाठी, आणि तो मी मुद्दाम सर्वांसमोर मांडते. उद्याच्या बैठकीत अंदाजपत्रकात एक छोटी ओळ घालावी असा अर्ज मी दिला आहे. कार्यकर्त्याला उपचाराच्या दिवसाची भरपगारी सुट्टी आणि जाण्यायेण्याचं भाडं, वर्षाला बारा वेळा. कारण लिहायची गरज नाही, व्हाउचरवर ‘आरोग्य’ एवढाच शब्द. काहींचं म्हणणं आहे की देणगीदारांना हे समजावणं अवघड जाईल, पैसा पाड्यांसाठी आहे. मी त्यांना उत्तर देते : गेल्या तीन वर्षांत आपले चार कार्यकर्ते काम सोडून गेले, त्यांतल्या दोघांनी मला का ते सांगितलंय. नवा माणूस पावरी शिकून पाड्यावर रुळायला दोन वर्षं लागतात. हिशेब तुम्हीच करा. आणि हिशेब जमला नाही तरी मला वाटतं ही ओळ असायला हवी. मंजूर झाली नाही तर मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज देईन, एवढं आजच सांगून ठेवते.

पुढच्या मंगळवारी आपली जीप सकाळी साडेसहाला केंद्रावरून नंदुरबारला निघते. औषधांच्या खोक्यांसाठी जाते, पण मागे चार जणांची जागा आहे आणि संध्याकाळी पाचला ती परत येते. ड्रायव्हरदादांना ‘नंदुरबारला काम आहे’ एवढंच सांगायचं, ते काय काम म्हणून विचारत नाहीत, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. केसपेपर काढायला आधारकार्ड, असतील तर जुन्या चिठ्ठ्या, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. दोन जागा भरल्या आहेत.